बेलचा पॉइंट

मिस्त्रींच्या घरातली एकही वस्तू स्वतःच्या अवयवांवर जगत नव्हती. पंख्याला मिक्सरचं बटण होतं, मिक्सरला इस्त्रीची वायर होती, आणि इस्त्रीचा दांडा कधीकाळी एका छत्रीची मूठ होता. नवी वस्तू विकत आणणं म्हणजे हार मानणं, असं त्यांचं सरळ मत होतं. पैशाचा प्रश्न नव्हताच, प्रश्न नाकाचा होता. चाळीस वर्षं लोकांचे गिझर आणि बॉयलर दुरुस्त केलेल्या माणसाने स्वतःच्या घरी खोकं फोडून कोरी वस्तू लावायची, म्हणजे मग चाळीस वर्षं केलं काय?

बायको त्यांची यावरून भरपूर चेष्टा करायची. ती शाळेत शिक्षिका होती, सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, आणि हळूहळू मिस्त्रीही बाईच म्हणायला लागले होते. बाईंचा आवाज असा, की त्या तिसरीच्या वर्गात ओरडल्या की पाचवी गप्प बसायची. "अहो," त्या म्हणायच्या, "मी बिघडले ना, तर मलाही कुणाचं तरी काहीतरी काढून बसवाल तुम्ही." मिस्त्री म्हणायचे, "तुझे पार्ट मिळत नाहीत बाजारात." दोघंही हसायचे. मग आठ महिन्यांपूर्वी बाई खरोखरच बिघडल्या. सकाळी दात घासताना उजवं अंग गेलं आणि वाचा गेली, आणि मिस्त्रींच्या पार्टच्या डब्यात त्यांच्यासाठी काही निघालं नाही.

आता बाई खिडकीशेजारच्या पलंगावर असायच्या. डावा हात हलायचा, कळायचं सगळं, पण तोंडातून "अं" शिवाय काही यायचं नाही. पलंगासमोर स्टुलावर दोन फुटांची काचेची टाकी होती. ती बाईंचीच, निवृत्त झाल्यावर हौसेने आणलेली. तिच्यात एकच मासा होता, मुठीएवढा, नारिंगी, पॅरट जातीचा. या जातीच्या माशाचं तोंड कधी पूर्ण मिटत नाही. दिवसभर आ वासून इकडून तिकडे फेऱ्या मारतो आणि काम काही करत नाही, म्हणून बाईंनी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं होतं.

हेडमास्तर बाईंना ओळखायचा. त्यांनी डावा हात उचलला की काचेला येऊन चिकटायचा. बोलायला शिकवणाऱ्या ताई आठवड्यातून दोनदा यायच्या, त्यांनी चित्रं दाखवली, गाणी लावली, आरसा धरला, आणि शेवटी हात टेकले. मग एकदा त्यांनीच पाहिलं, की मासा जवळ आला की बाईंचे ओठ हलतात. तेव्हापासून सगळी शिकवणी टाकीपुढे होऊ लागली. "म्हणा बाई, हे... हे..." बाई जीव एकवटून श्वास सोडायच्या, कपाळावर घाम यायचा, आणि तो "हे" अगदी ओठांपर्यंत येऊन परत जायचा. ताई जाताना मिस्त्रींना म्हणाल्या होत्या, "काका, त्या एवढा जोर फक्त या माशासाठी लावतात. त्याला जपा."

मिस्त्री जपत होते. पण थंडी सुरू झाली आणि टाकीतला हीटर लहरीपणा करायला लागला. मनात आलं तर चालायचा, नाही तर रुसून बसायचा. एकदा फोनवर बोलता बोलता त्यांच्या तोंडून हे निघून गेलं, आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीने चार दिवसांत कुरियरने नवा हीटर पाठवून दिला. मिस्त्रींनी पावतीवर सही केली, खोकं कपाटावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. रोज संध्याकाळी सातला मुलीचा फोन यायचा. "बाबा, लावलात का हीटर?" "लावतो गं. जुना चालतोय अजून." "बाबा, तुमचं ना..." असं म्हणून ती पुढचं बोलायची नाही, कारण फोनचा आवाज मोठा ठेवलेला असायचा आणि आई ऐकत असायची.

त्या दिवशी सकाळी मिस्त्री उठले तर हीटर गार होता, पाणी गार होतं, आणि हेडमास्तर टाकीच्या तळाशी कलून पडला होता. कल्ले हलत होते एवढंच. बाई जाग्या होत्या. कधीपासून जाग्या होत्या कोण जाणे. त्यांनी डावा हात उचलला, मासा हलला नाही. पुन्हा उचलला. मग त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, आणि ते पाहणं मिस्त्रींना सहन झालं नाही.

"अगं, पाच मिनिटं," ते म्हणाले. "मी आहे ना."

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने कपाटावरचं खोकं काढलं असतं. मिस्त्रींनी आधी किटलीत पाणी तापवून थोडं थोडं टाकीत सोडलं, आणि मग जुना हीटर घेऊन खिडकीपाशी उजेडात बसले. काचेच्या नळीवरचं रबराचं बूच काढलं. आत बारीक पट्टी असते, पाणी गार झालं की ती वाकून दोन चांदीचे ठिपके एकमेकांना टेकवते, पाणी तापलं की सोडवते. त्या ठिपक्यांना त्यांच्या धंद्यात पॉइंट म्हणतात. यातला एक पॉइंट जळून पार कोळसा झाला होता. त्यांनी पार्टचा डबा पलंगावर, बाईंच्या पायाशी उपडा केला. स्प्रिंगा निघाल्या, वॉशर निघाले, तुटके थर्मोस्टॅट निघाले. तेवढा बारीक पॉइंट काही निघाला नाही.

मग त्यांना बेल आठवली.

ती बेल त्यांनी बाईंसाठीच बसवली होती. बाईंच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत शिपायाला बोलवायला होती ती, शाळेने भंगारात काढलेली. बेल बाहेर व्हरांड्यात, शेजारच्या शिंपीणबाईंच्या दारावर होती, वायर खिडकीतून आत आणून तिचं बटण बाईंच्या डाव्या तळव्यावर पट्टीने बांधलेलं असायचं. बाईंनी अंगठा दाबला, की बाहेर असा खणखणाट व्हायचा, की शिंपीणबाई मशीनवरून उठून किल्ली घेऊन यायच्या. मिस्त्री बिनघोर कामावर जाऊ शकायचे ते या बेलच्या जिवावर. आणि बेलमध्ये, टोला देणाऱ्या हातोडीच्या मागे, अगदी हवा तसा चांदीचा पॉइंट होता.

त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल व्हरांड्यात नेलं. शिंपीणबाईंच्या घरात मशीन घरघरत होतं, त्यांना काही कळलं नाही. पॉइंट काढायला दोन मिनिटं लागली. बेलचा पॉइंट बॅटरीच्या कामाचा, नाजूक, घरच्या विजेचा भार त्याला कितपत झेपेल, हा प्रश्न मिस्त्रींच्या डोक्यात येऊन गेला. येऊन गेला, थांबला नाही. बेलला संध्याकाळी दुकानातून दुसरा आणून लावू, असं ते मनाशी म्हणाले. एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं आणि पहिल्याचं उद्या बघायचं, यावरच ते घर इतकी वर्षं चाललं होतं.

आत येऊन त्यांनी कथलाचा डाग देऊन पॉइंट हीटरच्या पट्टीवर पक्का बसवला, बूच लावलं, हीटर पाण्यात सोडला आणि बटण दाबलं. नळीतला छोटा लाल दिवा लागला.

मिस्त्री तासभर थर्मामीटर धरून टाकीपाशी बसले. बाईंना एकेक समजावून सांगत होते, जणू त्या वर्गात बसल्या आहेत आणि मास्तर आपण. "हा दिवा बघ. दिवा लागलाय म्हणजे पाणी गरम होतंय. पुरेसं गरम झालं की दिवा जाणार. थांब... थांब... बघ, गेला! म्हणजे झालं गरम. आता गार पडलं की पुन्हा लागेल." दिवा पुन्हा लागला. पुन्हा गेला. हेडमास्तर तळावरून उठला, जरा तिरपा तरंगला, मग सरळ झाला आणि काचेजवळ येऊन नेहमीसारखा आ करून उभा राहिला. बाईंचा अर्धा चेहरा हसला. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर नुसता भांड्यात नाही पडला, छाती दोन बोटं फुगलीसुद्धा. कपाटावरच्या खोक्याकडे त्यांनी एक नजर टाकली, ती सरळसरळ विजयाची होती.

तेवढ्यात फोन वाजला. मुलींच्या वसतिगृहाचा बॉयलर बंद पडला होता, ऐंशी मुली थंड पाण्याने कुरकुरत होत्या, व्यवस्थापक रडकुंडीला आला होता. मिस्त्रींनी बाईंना भरवलं, उशी नीट केली, पिशवी खांद्याला लावली. निघताना बटण बाईंच्या तळव्यावर रोजच्यासारखं बांधलं. हात आपोआप चालले. "बारापर्यंत येतो. काही लागलं तर दाब."

व्हरांड्यात शिंपीणबाईंच्या दारात डोकावून तेही रोजचंच वाक्य म्हणाले, "जरा कामावर जाऊन येतो बाराला. बेल वाजली तर बघा हं."

"हो काका, आहे मी," शिंपीणबाई मशीन न थांबवता म्हणाल्या.

मिस्त्री गल्लीच्या टोकाला पोहोचले तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं अकराच्या सुमाराला, वसतिगृहाच्या तळघरात. बॉयलरचा कंट्रोल उघडून ते त्याचे पॉइंट पॉलिशपेपरने घासत होते, आणि घासता घासता हात थांबला. बेल बंद आहे. मी कालपर्यंत चालणारी बेल बंद करून आलोय आणि तिच्या हातात बटण देऊन आलोय.

 त्यांनी लगेच खिशातून फोन काढला. शिंपीणबाईंचा नंबर समोर होता. सांगायचं इतकंच होतं, की बेल बंद आहे, जरा आत डोकावून या. पण त्या विचारणार, बंद कशी काय काका? मग सांगावं लागणार, की मी माशासाठी तिचा पॉइंट काढला. कपाटावर नवा हीटर असताना काढला. गेल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या होत्या, "काका, तुमची बेल आहे म्हणून मी निर्धास्त मशीन चालवते." मिस्त्रींनी फोन हातात धरून विचार केला. बाईंचं खाणं झालंय. उशी नीट आहे. आठ महिन्यांत बेल वाजली असेल दहा-बारा वेळा. आता तासाभराचं तर काम उरलंय. फोन त्यांनी परत खिशात टाकला.

तासाभराचं काम साडेचारपर्यंत चाललं. कंट्रोल झाला तर कॉइल गेलेली निघाली, कॉइल आणायला माणूस गेला तो दोन तासांनी उगवला. मिस्त्री घाम पुसत होते, घड्याळ बघत होते, व्यवस्थापकावर खेकसत होते. सोडून निघावं असं चारदा मनात आलं. पण काम अर्धवट टाकून ते कधी उठले नव्हते, आणि ऐंशी मुली गरम पाण्यासाठी त्यांच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. घरी कोण डोळे लावून बसलंय, ते त्यांना माहीत होतं. तरीही उठले नाहीत.

व्हरांड्यात पाऊल ठेवलं तेव्हा शिंपीणबाईंचं मशीन चालूच होतं. "आत्ता आलात?" त्या चकित झाल्या. "मला वाटलं बारालाच आलात. बेल नाही ना वाजली एकदाही. शांत झोपल्या असतील काकू."

मिस्त्रींनी दार उघडलं आणि वास आला. खिडकी बंद होती. टाकीची काच आतून पार धुकटली होती, आणि त्या धुक्यात लाल दिवा लागलेला होता. जाण्याचं नाव नाही. हेडमास्तर पाण्यावर आडवा तरंगत होता, नारिंगी रंग पांढुरका पडलेला, तोंड नेहमीसारखंच उघडं. त्यांनी धावत जाऊन प्लग उपटला, पाण्यात हात घातला आणि झटक्याने बाहेर काढला.

"गरम," कुणीतरी म्हणालं.

मिस्त्रींना आधी वाटलं आपणच बोललो. मग ते वळले. बाई उशीवरून घसरून पलंगाच्या कडेला आल्या होत्या. चादर ओली होती, उशी ओली होती. डोळे सुजले होते. आणि डाव्या हाताचा अंगठा अजून बटणावर होता, दाबत होता, सोडत होता, दाबत होता.

"गरम," बाई म्हणाल्या. आवाज फाटलेला, चरचरीत, घसा पार बसलेला. "गरम. गरम."

 मिस्त्रींना हळूहळू सगळं कळत गेलं. एकदम कळलं असतं तर बरं झालं असतं. दिवा लागला तो गेला नाही, हे बाईंनी पाहिलं असणार. दिवा लागलाय म्हणजे पाणी गरम होतंय, हे सकाळी त्यांनीच तर शिकवलं होतं. बाईंनी बटण दाबलं असणार. शिंपीणबाई येतील म्हणून दाराकडे पाहिलं असणार. पुन्हा दाबलं असणार. मासा वर येऊन धापा टाकायला लागला असणार, काचेवर धडका मारायला लागला असणार, बाईंचा हात दिसला की जवळ यायचा ना तो, म्हणजे तेव्हाही त्यांच्याचकडे आला असणार. आणि मग आठ महिने कुणालाही जमलं नाही ते बाईंनी जमवलं. त्यांनी शब्द काढला. ऐकायला कुणी नव्हतं. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. घसा बसेपर्यंत त्या एकच शब्द ओरडत राहिल्या.

त्यांनी बाईंच्या तळव्यावरची पट्टी सोडली. अंगठ्याला फोड येऊन तो फुटला होता. बटणावर रक्ताचा डाग होता, वाळून तपकिरी झालेला.

हीटर उघडून बघायची काही गरज नव्हती, तरी त्यांनी उघडला. बेलचा पॉइंट हीटरच्या पॉइंटला असा चिकटला होता, की दोन्हींचा मिळून एकच ठिपका झाला होता. कथलाचा डाग त्यांनी छान दिला होता. तो जागचा हलला नव्हता.

त्यांनी चादर बदलली, बाईंचं अंग पुसलं, अंगठ्याला मलम लावलं, दोन घास भरवायचा प्रयत्न केला. बाईंनी तोंड उघडलं नाही. मासा त्यांनी जाळीने काढून कागदात गुंडाळला आणि खाली कुंडीत पुरला, बाईंना दिसणार नाही अशा बेताने. पण टाकी रिकामी दिसतच होती.

सातला मुलीचा फोन आला. मिस्त्री उचलणार नव्हते, पण उचलला, आणि नेहमीसारखा आवाज मोठा करून बाईंच्या उशीपाशी ठेवला.

"आई, कशी आहेस गं?"

"गरम," बाई म्हणाल्या.

 पलीकडून मुलगी किंचाळली. "बाबा! आई बोलली! बाबा, आई बोलली का?" ती हसत होती, रडत होती, आतल्या खोलीतल्या नवऱ्याला हाका मारत होती. "आई, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण ना!"

"गरम," बाई म्हणाल्या. त्या फोनकडे पाहत नव्हत्या. त्या मिस्त्रींकडे पाहत होत्या.

"पाणी गरम झालं म्हणून सांगतेय ती मला! बाबा, नवा हीटर लावलात ना? मी म्हणत होते ना तुम्हाला! हेडमास्तर पोहायला लागला असेल मस्त, म्हणून बोलली ती. हो ना बाबा? लावलात ना?"

"हो," मिस्त्री म्हणाले. "लावला."

बाईंनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी विजेच्या सामानाचं दुकान उघडण्याआधीच मिस्त्री त्याच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांनी नवी बेल विकत आणली. नवी कोरी, खोक्यातली, हमीच्या कागदासकट. दुकानदाराने दोनदा विचारलं, तुमच्यासाठीच का म्हणून. घरी येऊन त्यांनी ती बसवली, आत येऊन बटण दाबून पाहिलं. खणखणाट झाला आणि शिंपीणबाई किल्ली घेऊन धावत आल्या. "काय झालं काका?" "काही नाही. वाजते का पाहिलं." शिंपीणबाईंनी टाकीकडे पाहिलं, बाईंच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही.

मिस्त्री पलंगापाशी स्टुलावर बसले. नवं बटण त्यांच्या हातात होतं.

"अगं, ऐक," ते म्हणाले. "बेल मीच बंद केली होती. पॉइंट काढला होता मी तिचा. विसरलो असं सांगणार होतो तुला. पण विसरलो नव्हतो. अकराला आठवलं होतं मला. फोन हातात होता. मला लाज वाटली गं शिंपीणबाईंना सांगायची. एवढंच. लाज वाटली."  नाकातून पाणी यायला लागलं, ते त्यांनी बाहीला पुसलं. "आता नवीन आणलीय. वाजते. तू ऐकलीस ना आत्ता? कधीपण दाब. मी नसलो तरी येतील त्या."

बाई ऐकत होत्या. सगळं कळत होतंच त्यांना.

मिस्त्रींनी बटण त्यांच्या डाव्या तळव्यात ठेवलं आणि बोटं एकेक करून त्यावर मिटली. बाईंनी बोटं उघडली. बटण चादरीवर पडलं. मिस्त्रींनी ते उचलून परत ठेवलं, त्यांची मूठ वळवली, वरून आपला हात धरला. जरा वेळाने हात काढला, तर बाईंनी पुन्हा बोटं उघडली आणि तळवा उपडा केला. बटण पलंगावरून खाली लोंबकळलं. बाईंनी मान भिंतीकडे वळवली.

मिस्त्री कामाची पिशवी घेऊन दारापर्यंत गेले, आणि तिथून परत येऊन स्टुलावर बसले.